जोडीचा नियम

मावशींना गप्प बसणं ठाऊक नव्हतं. एका प्रसूतिगृहात त्यांनी केस पांढरे होईपर्यंत आयाचं काम केलं, आणि तेवढ्या काळात त्यांच्या तोंडाचा पट्टा काही थांबला नाही. कळा सोसणाऱ्या बाईला एका श्वासात दटावायचं आणि दुसऱ्या श्वासात तिच्या पाठीवरून हात फिरवायचा, व्हरांड्यात येरझाऱ्या घालणाऱ्या नवऱ्याला 'तुमचं काम झालंय, आता आमचं चालू द्या' म्हणून चहाला पिटाळायचं, नव्या डॉक्टरीणबाईंना कुठल्या कपाटाचं दार लाथेशिवाय उघडत नाही ते सांगायचं, हे सगळं त्या बोलत बोलत करायच्या. अशा बाईला देवाने उतारवयात परमुलखात नेऊन मुकं केलं.

मुकं म्हणजे अगदीच मुकं नव्हे. तिथल्या भाषेतले चार शब्द त्यांना येत होते: नमस्कार, आभारी आहे, माफ करा आणि पाणी. या चार शब्दांवर माणूस जगू शकतो, पण गप्पा मारू शकत नाही आणि भांडण तर मुळीच करू शकत नाही.

त्यांना तिथे नेलं त्यांच्या यजमानांनी. यजमान एका दवाखान्यात कंपाउंडर होते आणि चर्चमध्येही सगळे त्यांना कंपाउंडरच म्हणत. माणूस देवभोळा, सरळ आणि अबोल. जेवताना नुसतं 'मीठ' म्हणायचे. ते कमी झालंय की जास्त हे मावशींनी चेहऱ्यावरून ओळखायचं. पण तरुणपणी कुठल्याशा पाहुण्या धर्मसेवकाचं भाषण ऐकून त्यांच्या मनाने घेतलं होतं की आपणही एक दिवस दूरदेशी जायचं आणि देवाचं काम करायचं, फुकट करायचं. मग लग्न झालं, आईवडील म्हातारे झाले, मुलगी झाली, तिचं शिक्षण, तिचं लग्न. इच्छा तशीच राहिली. ते निवृत्त झाले त्याच वर्षी चर्चच्या संस्थेने विचारलं, दोन वर्षं परदेशी सेवेला जायला कोणी जोडपी तयार आहेत का, आणि रविवारच्या उपासनेत सगळ्यांदेखत कंपाउंडर उभे राहिले. बायकोला न विचारता. मावशी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी घरी येऊन आकाशपाताळ एक केलं आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्टचे फोटो काढून आल्या. नवऱ्याने उभ्या जन्मात मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

आता यात दैवाने कशी गंमत केली पाहा. त्यांची एकुलती एक लेक, घरात तिला बाळी म्हणत, लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलत नव्हता. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, प्रार्थना झाल्या. मी जगाची पोरं न्हाऊमाखू घातली आणि माझ्याच घरी तू हात आखडतोस होय, असं मावशी देवाला रोखठोक विचारत. देवाने उत्तर दिलं, पण केव्हा? ही दोघं परदेशी पोचून सामान लावून होतं न होतं, तोच बाळीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. मावशी आधी हसल्या, मग रडल्या आणि मग मटकन खाटेवर बसल्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपल्याकडची रीत. माहेराला कुलूप लागलेलं आणि आई समुद्रापलीकडे.

तरी आई उठून गेली असती. मावशींसारखी बाई विमानाला काय घाबरते? अडचण होती ती जोडीच्या नियमाची. संस्थेत कोणीही एकट्याने काम करायचं नाही, एकट्याने कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, जाईल तिथे दोघांनी बरोबर. आणि जोडीतला एक घरी परतला, कारण काहीही असो, तर दुसऱ्याचीही सेवा तिथेच संपली. पुन्हा यायचं म्हटलं तर त्या वयात पुन्हा कोण घेणार. मागे कितीतरी जण रांगेत होते. म्हणजे मावशींनी घरी जायचं म्हटलं की कंपाउंडरांनीही गाशा गुंडाळायचा. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी मावशींची गत झाली.

आणि कंपाउंडर तर तिथे उमलून आले होते. खरंच, या वयात! घरी जो माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलत नसे, तो तिथली भाषा शिकायच्या वर्गात पहिल्या बाकावर बसू लागला. शेजाऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागला. दार उघडून पटकन लावून घेणाऱ्या लोकांनाही तो हसून काहीतरी बोलायचा आणि त्यातले काही जण दार पुन्हा उघडायचे. केंद्राच्या प्रमुखबाईंनी तर त्यांना सांगून ठेवलं होतं की येत्या महिन्यात एका रविवारी उपासनेत उपदेश तुम्हीच करायचा, इथल्या भाषेत. तेव्हापासून कंपाउंडर रोज सकाळी दाढी करताना आरशासमोर उपदेशाची तालीम करत, आणि तालीम संपली की चक्क गाणं म्हणत. इतक्या वर्षांच्या संसारात मावशींनी त्यांना भजनाच्या पुस्तकाशिवाय गाताना ऐकलं नव्हतं.

मावशींचे दिवस मात्र जाता जात नव्हते. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, तिला चिकटून हात पसरले तर भिंतीला लागतील एवढं स्वयंपाकघर. तिथली विजेची शेगडी तापायला उशीर लावायची आणि बंद केल्यावरही तापलेलीच राहायची, त्यामुळे पहिले कितीतरी दिवस दूध बटण बंद केल्यावर उतू गेलं. खिडकीतून बसचा थांबा दिसे. तिथे माणसं एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून उभी राहत आणि कोणी कोणाशी बोलत नसे. ही माणसं भांडलीत का सगळी, असं मावशींनी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. सकाळी प्रार्थना, मग केंद्रात काम, दुपारी घरोघर भेटी. भेटीत कंपाउंडर बोलत आणि मावशी मान हलवत. समोरचा हसला की त्या हसत, समोरच्याने सुस्कारा टाकला की त्याही टाकत. घरी आल्यावर त्या विचारत, 'तो म्हातारा एवढा का हळहळला हो?' कळायचं ते असं की त्याची बस चुकली होती.

बाळीचा फोन दुपारी यायचा, तिकडे तेव्हा संध्याकाळ असे. बाळी नेहमी खुशीत. सासूबाई हातावर झेलतात, डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे, जेवण जातंय, झोप लागतेय. विहीणबाई मधेच फोन घेऊन सांगत, तुम्ही निर्धास्त राहा, ती आमचीही मुलगीच आहे. विहीणबाईंमध्ये एखादी खोट असती तर मावशींना जरा बरं वाटलं असतं, पण बाई सोन्यासारखी होती. 'मी येऊ का गं?' असं मावशी प्रत्येक फोनमध्ये हसण्यावारी नेऊन विचारत, आणि बाळी म्हणे, 'छे, येऊ नकोस, बाबांचं इतक्या वर्षांचं स्वप्न आहे, माझं मस्त चाललंय.' फोन ठेवल्यावर मावशी कंपाउंडरांना सांगत, पोरगी मजेत आहे हो. कंपाउंडर देवाचे आभार मानत. मग मावशी भांडी घासायला जात आणि नळ जरा मोठा सोडत.

नवऱ्याला सांगायचं त्यांनी अनेकदा ठरवलं. आज बसमध्ये सांगू, आज जेवताना सांगू. तोंडाशी आलेले शब्द गाणं ऐकून परत जात. बोलभांड म्हणून गावभर ओळखल्या जाणाऱ्या बाईला घरच्या माणसाशी एक वाक्य बोलता येईना.

केंद्रात मावशींचं काम कपड्यांचं होतं. लोक जुने-नवे कपडे आणून देत, ते निवडायचे, धुवायचे, गरजूंना द्यायचे. एका फळीवर दुकानांतून आलेले कोरे, पिशवीबंद कपडे, दुसरीवर वापरलेले पण चांगले, आणि खाली एका खोक्यात चिंध्या, त्या लादी पुसायला जात. प्रमुखबाईंना मावशींच्या जुन्या नोकरीची माहिती होती, म्हणून त्यांनी खुणेने आणि कंपाउंडरांच्या तोंडून सांगितलं की यापुढे बाळांची गाठोडी तुम्हीच बांधा. मावशींना त्या दिवशी पहिल्यांदा तिथे जेवण गोड लागलं.

पहिलं गाठोडं एका पोरीचं होतं. ही पोरगी लाँड्रीत कामाला होती, दुसऱ्या गावाहून आलेली, मागेपुढे कोणी नसावं. पोट बाळीएवढंच. ती नाव नोंदवून गेली आणि मावशी कामाला लागल्या. आता लक्षात घ्या, मावशींच्या हिशेबी तान्ह्या बाळाला कोरं कापड म्हणजे शत्रू. ते टोचतं, त्याची खळ कातडीला लागते. शिवाय बाळ सुखरूप हातात येईपर्यंत नवं काही घरात आणायचं नाही. बाळाला हवं ते धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं जुनं कापड. राजाच्या घरी आणि रंकाच्या घरी तेच. म्हणून मावशींनी कोऱ्या पिशव्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी चिंध्यांचं खोकं उपसलं. विरलेल्या चादरी, हातात घेतली की घसरणारी जुनी बनियनं, फिकट झालेले पडदे. त्यांनी ते उकळून काढले, वाळवले, चौकोनी फाडले, कडा दुमडून हाताने टीप घातली, इस्त्री केली. दुपटी, लंगोट, टोपरी, सगळं झालं. काम करताना त्या कितीतरी महिन्यांनी स्वतःशी बडबडत होत्या. ते सगळं त्या कोणासाठी शिवत होत्या हे वेगळं सांगायला नको. हात त्या पोरीचं गाठोडं बांधत होते आणि डोळ्यांपुढे बाळी होती.

पोरगी आली. मावशींनी गाठोडं दोन्ही हातांनी तिच्या पुढ्यात ठेवलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. तिने गाठ सोडली. एक दुपटं उचललं, उलटसुलट केलं, खालचं दुसरं उचललं. मग तिने फळीवरच्या कोऱ्या पिशव्यांकडे पाहिलं, पुन्हा हातातल्या कापडाकडे पाहिलं. हळू आवाजात काहीतरी बोलली, गाठोडं तिथेच ठेवलं आणि निघून गेली. मावशी म्हणाल्या, 'आभारी आहे.' दुसरं त्यांना काय येत होतं?

काय झालं ते प्रमुखबाईंकडून कंपाउंडरांना कळलं आणि कंपाउंडरांकडून मावशींना. पोरगी म्हणाली होती, माझं बाळ लादी पुसायच्या फडक्याच्या लायकीचं आहे का?

मावशींना ब्रह्मांड आठवलं. हौसेने करायला गेल्या काय आणि झालं काय! प्रमुखबाई चांगल्या होत्या, त्यांनी समजून घेतलं, खांद्यावर हात ठेवला, कोऱ्या कपड्यांचं एक गाठोडं बांधून दिलं आणि म्हणाल्या, कोणाबरोबर तरी पाठवून देऊ. पण मावशी हटून बसल्या. दोन्ही गाठोडी घेऊन मीच जाणार आणि तिला समजावून सांगणार. तुम्ही सांगा माझ्या वतीने, असं त्यांनी नवऱ्याला बजावलं. जोडीने जायचा नियमच होता, तेव्हा नवरा कुठे जातो.

पोरगी एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होती. जिन्यात ओल्या कपड्यांचा वास. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, खिडकीच्या कठड्यावर एक पातेलं आणि एक कप. तिने दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. दार लावून घेईल असं वाटलं, पण कंपाउंडर अजिजीने काहीतरी बोलले आणि तिने वाट दिली. खुर्चीवर मावशींना बसवलं, आपण पलंगावर बसली. कंपाउंडर उभेच राहिले, कोर्टात साक्षीदार उभा राहतो तसे.

मावशींनी सांगायला सुरुवात केली. जुनं कापड का, नवं का नाही, उकळलं किती, वाळवलं कसं. कंपाउंडर सांगत गेले, पण त्यांची पंचाईत होत होती. त्यांची भाषा उपदेशाची. पाप, क्षमा, धीर, आशा, हे शब्द त्यांना फडाफड यायचे. लंगोट आणि टोपरं कुठून यायचं? मग ते कमरेशी हात नेऊन, डोक्यावर हात ठेवून खुणा करू लागले. पांढऱ्या केसांचा माणूस लंगोटाची खूण करतोय म्हटल्यावर पोरीच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. मावशींना धीर आला. त्या म्हणाल्या, 'तिला सांगा, आमच्यात सगळ्यांच्याच बाळांना असलं देतात. माझ्या स्वतःच्या मुलीच्या बाळालासुद्धा मी हेच दिलं असतं.'

कंपाउंडरांनी सांगितलं. पोरीने जुन्या गाठोड्यातलं एक दुपटं घेऊन गालाला लावून पाहिलं. मग मावशींकडे बघत काहीतरी विचारलं. कंपाउंडरांनी लगेच, मावशींकडे न वळताच, दोन शब्दांत उत्तर देऊन टाकलं.

मावशींना भाषा येत नव्हती, पण नवरा येत होता.

"काय विचारलं तिने?"

"काही नाही. विचारत होती, तुमच्या मुलीला पण बाळ होणार आहे का."

"आणि?"

"आणि तिच्याजवळ कोण आहे, म्हणाली. मी सांगितलं, सासरची माणसं आहेत, सगळं ठीक आहे."

"ते तुमचं झालं. मला विचारलंय तिने. आता मी सांगते ते सांगा."

कंपाउंडर वळून बघू लागले. मावशींनी मात्र त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या पोरीच्या डोळ्यांत बघून त्या बोलल्या, आपल्या भाषेत, जणू तिला सगळं कळत होतं.

"तिला सांगा, माझी मुलगी आता नवव्या महिन्यात आहे. जगाच्या बायकांची बाळंतपणं मी केली, आणि तिच्या वेळेला मी इथे आहे. तिला सांगा, मला रात्री झोप येत नाही. जेवताना घास फिरतो. मला घरी जायचंय. बातमी आली त्या दिवसापासून मला घरी जायचंय, आणि हे मी कोणाला सांगितलेलं नाही."

लेकी बोले सुने लागे असं म्हणतात. इथे तर सून मधे उभी राहून ते बोल पोचवत होती.

पोरगी कंपाउंडरांच्या तोंडाकडे बघत होती, मावशी खिडकीकडे. खाली कुठेतरी यंत्र घरघरत होतं. शेवटी ते सांगू लागले. एरवी ती भाषा भराभर बोलणारा माणूस त्या दिवशी एकेक शब्द शोधून ठेवत होता. 'माझी मुलगी' म्हणताना त्यांचा आवाज चिरला, कारण ती त्यांचीही होतीच. 'मला घरी जायचंय' हे ते बोलले ते अगदी साध्या, पहिल्या धड्यातल्या शब्दांत बोलले, आणि ते एवढे सोपे होते की मावशींनाही कळले.

पोरीने ऐकून घेतलं. मग तिने एकच प्रश्न विचारला, टोचून नव्हे, खरोखरच कळत नव्हतं म्हणून. कंपाउंडरांनी तो लगेच मराठीत केला नाही.

"सांगा ना," मावशी म्हणाल्या.

"विचारते, मग तुम्ही इथे काय करताय?"

या प्रश्नाला कंपाउंडरांकडे तयार उत्तर होतं. दारोदार लोक हेच विचारायचे आणि ते न अडखळता सांगायचे. पण त्या दिवशी त्यांनी ते काढलं नाही. पोरीने दोन्ही गाठोडी ठेवून घेतली, कोरं आणि जुनं. दारापर्यंत आली आणि मावशींचा हात बराच वेळ धरून उभी राहिली. मावशींनी तिच्या पोटाकडे पाहून, बाळ खाली उतरलंय, आता जिने चढू नकोस, एवढं सांगायला लावलं. ते मात्र कंपाउंडरांनी पटकन सांगितलं.

बसच्या थांब्यावर दोघं तिथल्या माणसांसारखी हातभर अंतर ठेवून उभी राहिली. एक बस आली आणि गेली, त्यांची नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?" कंपाउंडर म्हणाले.

"तुम्ही दाढी करताना गात होता," मावशी म्हणाल्या.

कंपाउंडरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. बस आल्यावर त्यांनी आधी मावशींना चढू दिलं, हात धरून, आणि तो हात मग खोलीपर्यंत सोडला नाही. मावशींना वाटलं होतं की मनातलं बोलून टाकलं की हलकं वाटेल. वाटलं नाही. आपल्या मनावरचं ओझं आपण नवऱ्याच्या पाठीवर टाकलं, एवढंच त्यांना वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोरून ना तालीम ऐकू आली, ना गाणं. कंपाउंडर कपडे करून तयार झाले आणि म्हणाले, चल. प्रमुखबाईंच्या खोलीत ते खुर्चीच्या कडेला बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मावशी शेजारी बसून, नेहमीप्रमाणे, काही न कळता ऐकत होत्या, पण त्या दिवशी मान हलवायचं धाडस त्यांना झालं नाही. प्रमुखबाईंनी नियमाची आठवण दिली असावी, कारण कंपाउंडर दोनदा 'हो' म्हणाले. मग बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका रविवारी बोट ठेवलं. अजून तिकिटं मिळायला वेळ लागेल, मधे एक रविवार मिळतोय, तुमचा उपदेश तेवढा करून जा, असं त्या म्हणत होत्या. कंपाउंडरांनी त्या चौकोनाकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

"का नाही म्हणालात?" बाहेर आल्यावर मावशींनी विचारलं. "एवढी तयारी केलीत. मी समोर बसले असते."

"तयारी होती ती धीराच्या विषयाची होती," कंपाउंडर म्हणाले. "धीर धरा म्हणून लोकांना मी कुठल्या तोंडाने सांगू? माझ्या घरात कोण किती धीर धरून बसलंय ते मला ठाऊक नव्हतं."

मावशींना रडू आवरेना. नवऱ्याची एकुलती एक मागणी आपण अर्ध्यावर मोडली याचं रडू होतं ते, आणि लेकीकडे जायला मिळणार याचंही. दोन्ही रडू एकाच डोळ्यांतून येतात, वेगळी कुठून काढायची? कंपाउंडरांनी खिशातला रुमाल दिला आणि खोलीकडे चालू लागले.

दुपारी त्यांनी स्वतःच बाळीला फोन लावला. असं ते कधी करत नसत. मावशी बोलून झाल्या की शेवटी 'बरी आहेस ना' एवढं विचारायचे. पलीकडे बाळीचा चेहरा दिसला, जरा सुजलेला, पण नेहमीसारखा हसरा. फोन बाबांचा बघून ती चकित झाली. आई बरी आहे ना, हेच तिने आधी विचारलं.

"आई बरी आहे," कंपाउंडर म्हणाले. "आम्ही घरी येतोय. तुझ्याजवळ."

बाळी गडबडली. नेहमीचं सगळं तिने एका दमात म्हणून टाकलं: कशाला, इथे सगळे आहेत, सासूबाई किती करतात, डॉक्टर छान आहेत, तुमचं एवढं स्वप्न आहे बाबा, उगाच माझ्यासाठी मोडू नका, मी मजेत आहे. कंपाउंडरांनी तिला पूर्ण बोलू दिलं. आदल्या दिवसापर्यंत हे ऐकून त्यांनी देवाचे आभार मानले असते. त्या दिवशी ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले, जसे त्या पोरीच्या खोलीत बायकोचं बोलणं संपल्यावर उभे राहिले होते.

ते बोलेनात म्हणून बाळीही बोलायची थांबली. तिची हनुवटी थरथरू लागली. मावशी बाजूला बसून ऐकत होत्या, त्या पुढे झुकल्या.

"मला खूप भीती वाटते गं आई," बाळी म्हणाली. "सासूबाई रोज रात्री विचारतात, काही होतंय का, आणि मी नाही म्हणते. त्यांना कशी सांगू? मी तुला नको येऊ म्हणायची. दर वेळेला म्हणायची. आणि तुम्ही खरंच आला नाहीत."

मावशींनी तोंडाला पदर लावला. त्यांना बोलायचं होतं. कळा सुरू झाल्या की कुशीवर वळ, श्वास रोखू नकोस, मी आहे, असं शेकडो बायकांना सांगितलेलं त्यांना लेकीला सांगायचं होतं, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्या नुसत्या काचेवरून बोट फिरवत राहिल्या, बाळीच्या कपाळावर केस आले होते तिथे, आणि बोटाला काचच लागत होती.

"कधी याल?" बाळीने विचारलं.

तिकिटं अजून काढायची होती. परत जायच्या परवानगीचा अर्ज प्रमुखबाईंकडून वरच्या कार्यालयात जायचा होता, तो कधी परत येणार ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि बाळीचे दिवस तर भरतच आले होते. जन्मात कधी खोटं न बोललेल्या कंपाउंडरांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"निघालोच बघ," ते म्हणाले. "आम्ही येईपर्यंत थांब म्हणावं त्याला."